आल्बर्सच्या पद्धतीने रंग शिकताना: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

चित्रकार आणि कलाशिक्षक योझेफ आल्बर्स यांचं 'इंटरॅक्शन ऑफ कलर' हे रंगांवरचं पुस्तक मी पावसाळ्याच्या तोंडावर घेतलं. दिवाळी उलटून गेली तरी ते कपाटात गेलेलं नाही. टेबलावरच असतं, शेजारी कात्री, कटर, रबर सोल्यूशन आणि कागदाच्या तुकड्यांचे डबे. हे पुस्तक नुसतं वाचायला घेणार असाल तर पैसे वाया जातील. स्वाध्याय हाताने करणार असाल, तर रंगांबद्दल इतकं शिकवणारं दुसरं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही.

येल विद्यापीठाच्या प्रकाशनाने ते १९६३ साली काढलं. मूळ आवृत्ती म्हणजे सिल्कस्क्रीनने, म्हणजे जाळीतून शाई ओढून, छापलेल्या सुमारे दीडशे नमुन्यांचा भला मोठा संच. तो आपल्यासारख्यांच्या आवाक्यातला नाही. १९७१ मध्ये सुटसुटीत पेपरबॅक निघाली आणि पुस्तक विद्यार्थ्यांच्या हाती आलं. माझ्याकडे पेपरबॅकच आहे. मजकूर फार थोडा. छोटी छोटी प्रकरणं, तुटक वाक्यं, ओळी कवितेसारख्या मोडलेल्या. पहिल्या वाचनात 'एवढंच?' असं वाटतं. पण प्रत्येक प्रकरणाच्या पोटात एक काम दडलेलं आहे, आणि ते केल्याशिवाय मजकूर उलगडत नाही.

आल्बर्स रंगकामाऐवजी रंगीत कागद वापरायला सांगतात. कागदावर ब्रशचे फटकारे नसतात, आणि तोच रंग हवा तितक्या वेळा अगदी तसाच मिळतो. पहिलाच स्वाध्याय घ्या. एक गडद पिवळा कागद आणि एक गर्द निळा, शेजारी शेजारी. दोन्हींच्या मध्यावर एकाच मातकट पिवळ्या कागदाची एकेक पट्टी. पिवळ्यावरची पट्टी काळपट, तपकिरीकडे झुकलेली दिसते. निळ्यावरची उजळ आणि चांगलीच पिवळी. मग त्याच कागदाची आडवी पट्टी खालून दोन्हींना जोडायची, की दोन्ही एकच रंग असल्याचं दिसतं. माझ्याकडे सुट्टीच्या दिवशी चित्रकलेला मुलं येतात, त्यांना हे दाखवलं तेव्हा एका मुलीने नखाने पट्टी उचलून खाली काही लपवलंय का ते पाहिलं. समजावून सांगून हे होत नाही.

पुढचा स्वाध्याय याच्या उलट आहे: दोन वेगळे रंग एकसारखे दिसायला हवेत. हा मला सर्वांत कठीण गेला आणि सर्वांत जास्त शिकवून गेला. पिवळ्या जमिनीवर, म्हणजे मागच्या कागदावर, पिवळसर हिरवा आणि निळ्या जमिनीवर निळसर हिरवा ठेवला, की जमीन आपला रंग त्या तुकड्यातून जणू काढून घेते आणि दोन्ही हिरवे जवळ येतात. किती जवळ, हे मात्र तुकडे बदलून बदलूनच कळतं. तासन्‌तास जातात. इथे घाई करू नका, हाच पुस्तकाचा गाभा आहे.

ग्रेडच्या परीक्षांना बसलेल्या आपल्या सगळ्यांना रंगचक्र आधी पाठ असतं. मुख्य रंग, दुय्यम रंग, विरोधी रंग. आल्बर्स ते मागे ठेवतात: आधी हात आणि डोळा, सिद्धांत नंतर. माझ्या मते त्यांचं मोठेपण चित्रकार म्हणून जितकं आहे, त्याहून शिक्षक म्हणून जास्त आहे.

त्याचं मूळ त्यांच्या आयुष्यात दिसतं. जन्म १८८८ चा, जर्मनीतल्या बॉट्रॉप या खाणींच्या गावचा. वडील घरं रंगवणारे, हरहुन्नरी कारागीर. स्वतः आल्बर्स अनेक वर्षं प्राथमिक शाळेत मास्तर होते. १९२० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले. सामानाला पैसे नव्हते, तर गावच्या कचऱ्यातून फुटक्या काचा वेचून आणल्या आणि त्यांची चित्रं केली. पुढे तिथेच शिकवायला लागल्यावर विद्यार्थ्यांच्या हातात साधा कागद द्यायचे आणि काही वाया न घालवता, घडी घालून काय उभं करता येतं ते शोधायला लावायचे. हे कळल्यावर स्वाध्यायांत रद्दीतले तुकडे वापरण्यामागची त्यांची तळमळ कळते.

१९३३ मध्ये नाझींच्या दबावाखाली बाउहाउस बंद झालं. पत्नी अ‍ॅनी, ज्या स्वतः थोर विणकर कलावंत, ज्यू कुटुंबातल्या. दोघं अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजला गेले. इंग्रजी जेमतेम. काय शिकवणार, असं विचारल्यावर त्यांनी 'डोळे उघडायला' अशा अर्थाचं उत्तर दिलं, ते प्रसिद्धच आहे. तिथे शिल्पकार रूथ असावा, चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग आणि नंतर येलमध्ये शिल्पकार एवा हेसे आल्बर्स यांच्या हाताखाली शिकले. तारेची विणलेली शिल्पं करणाऱ्या असावा, मोडक्यातोडक्या वस्तू चित्रात आणणारे राउशेनबर्ग, यांपैकी कोणाचंही काम गुरूसारखं दिसत नाही. शिक्षकाची याहून मोठी पावती कोणती?

१९५० पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९७६ पर्यंत, ते चौरसात चौरस असलेली 'होमेज टू द स्क्वेअर' ही मालिका रंगवत राहिले. हजारांहून जास्त चित्रं. ट्यूबमधला रंग न मिसळता सुरीने लावायचा, आणि कोणता रंग कुठे वापरला ते फलकाच्या मागे लिहून ठेवायचं. स्वाध्याय केल्यावर ती पाहा. मधला चौरस पुढे येतो, मागे जातो, कडा विरघळतात. आधी मला ती थंड वाटायची, आता डोळा सुटत नाही.

अडचणीही सांगते. दुकानात मिळणारा घोटीव कागद चमकतो, त्यामुळे रंग नीट जोखता येत नाही. शिवाय त्यात भडक रंगच जास्त, मधल्या छटा जवळजवळ नाहीतच. मी रंगाच्या दुकानातली जुनी शेड कार्डं, लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडची कातरणं आणि मासिकांची पानं जमवली, तेव्हा कुठे काम सुरू झालं. स्वस्त कागद खिडकीजवळ विटतो, डब्यात ठेवा. रंग कसे मिसळायचे हे पुस्तक शिकवत नाही. जलरंगात निसर्गचित्र करणाऱ्याला त्यासाठी दुसरीकडे जावं लागेल. २०१३ मध्ये आयपॅडसाठी आलेलं या पुस्तकाचं अ‍ॅपही वापरून पाहिलं. तुकडे सरकवायला सोयीचं आहे, पण पडद्याचा उजेड मागून येतो आणि कात्रीची मेहनत नसल्याने मी भराभर पुढे जायला लागले. मुलांना तर कागदच द्यावा.

रोजच्या व्यवहारातही फरक पडला. मॅचिंग सेंटरमध्ये आता ब्लाउजपीस मी नुसता साडीच्या अंगावर धरत नाही, काठावर आणि पदरावर वेगवेगळा ठेवून बघते. तोच कापडाचा तुकडा दोन ठिकाणी दोन रंगांचा दिसतो. दारात उन्हात नेऊन पाहणं हा वेगळा मुद्दा, तिथे उजेड बदलतो. इथे बदलतो तो शेजार.

चित्रकला शिक्षक, कापड किंवा छपाईच्या कामातली माणसं, रांगोळी गांभीर्याने काढणारे, सगळ्यांनी जरूर घ्यावं. दहा-अकरा वर्षांच्या पुढची मुलं पहिले दोन स्वाध्याय आवडीने करतात. त्यांच्यासोबत करणार असाल तर जोडपट्टी शेवटपर्यंत लपवून ठेवा, आणि ती कोणी लावायची हे मुलांना ठरवू द्या.