मागची फवारणी विचारणारं औषधांचं दुकान

नाशिकहून दिंडोरी रोडने म्हसरूळ मागे पडलं की थोड्या अंतरावर हे कृषी सेवा केंद्र लागतं. बाहेरून इतर दुकानांसारखंच आहे. ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, खतांच्या गोण्या, दारावर कंपन्यांची पोस्टरं. वेगळेपण कळतं ते काउंटरवर. तुम्ही औषधाचं नाव घेतलं की मालक बाटली काढत नाहीत. आधी विचारतात, "मागच्या वेळी काय मारलं होतं?" उत्तर मिळेपर्यंत त्यांचा हात शेल्फकडे जात नाही.

माझी दिंडोरी तालुक्यात थॉमसन द्राक्षांची बाग आहे. नवरा नोकरीला, त्यामुळे छाटणीपासून खुडणीपर्यंत बाग मीच बघते. घरापासून इथे येईपर्यंत औषधांची कितीतरी दुकानं लागतात. ती सगळी ओलांडून मी इथे का येते, ते एकदा सविस्तर लिहायचं होतं.

द्राक्षवाल्यांना माहीतच आहे, बाकीच्यांसाठी सांगते. ऑक्टोबर छाटणी झाली, वेल फुटले, घड फुलोऱ्यात आले की थ्रिप्स, म्हणजे फुलकिडे, येतात. मिलिमीटरभर लांबीचा किडा. नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसतो, पण कोवळा मणी खरवडून रस पितो. मणी मोठा होतो तसा तो ओरखडाही मोठा होतो आणि शेवटी सालीवर तपकिरी, बुचासारखा डाग उरतो. चवीत काही फरक पडत नाही, पण असा घड एक्स्पोर्टच्या पेटीत जात नाही. म्हणून फुलोऱ्यापासून मणी ज्वारीएवढे होईपर्यंत सगळ्यांचे फवारणीचे ब्लोअर चालू असतात.

आणि दर दोन-चार वर्षांनी तेच ऐकू येतं: अमुक औषध आता चालत नाही. मी पूर्वी ज्या दुकानात जायचे तिथे यावर एकच उत्तर असायचं, डोस वाढवा. तरी नाही गेले तर त्यात आणखी एक औषध मिसळा, वर एक टॉनिक घ्या. बिल मागितलं की कच्च्या कागदावर आकडे. माझ्या शेजारच्या बागेत याच सल्ल्याने एका हंगामात औषधांचा खर्च मजुरीच्या वर गेला. फुलकिडे तेवढेच राहिले, उलट मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, खाणारे ढालकिडे दिसेनासे झाले.

या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा मी इमिडाक्लोप्रिडनंतर मारायला थायामेथोक्झाम मागितलं होतं. औषध बदलायचं एवढंच कुणीतरी सांगितलेलं. मालकांनी दोन्ही बाटल्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाले, "ताई, नावं दोन आहेत, किड्याच्या अंगात काम एकच. तुम्ही औषध नाही बदललं, बाटली बदलली." मग हात करून शेल्फ दाखवलं. प्रत्येक फळीच्या कडेला जाड मार्करने आकडा लिहिलेला. ४ए च्या फळीवर इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड. ३ए वर लॅम्बडा सायहॅलोथ्रिन आणि त्याचे भाऊबंद. ५ वर स्पिनोसॅड आणि स्पिनेटोरम, ६ वर इमामेक्टिन आणि ॲबामेक्टिन, २बी वर फिप्रोनिल, २८ वर सायॅन्ट्रानिलीप्रोल. कंपनी कुठलीही असो, किड्याच्या शरीरात जे औषध एकाच ठिकाणी घाव घालतं ते एका गटात, एका फळीवर.

हे आकडे त्यांनी मनाने दिलेले नाहीत. कीटकनाशकांना दाद न देणाऱ्या किडींवर काम करणारी आयरॅक नावाची आंतरराष्ट्रीय समिती १९८४ पासून आहे, ही वर्गवारी तिची. काही बाटल्यांवर हा आकडा छापलेला असतो, पण इतक्या बारीक अक्षरात की फवारणीच्या घाईत कोण बघणार? दुकानाची मांडणीच त्या हिशेबाने करणारा दुकानदार मी दुसरा पाहिलेला नाही. बाकी ठिकाणी मांडणी कंपनीप्रमाणे असते, कारण स्कीम कंपनीप्रमाणे येतात.

माझं बी.एस्सी. प्राणिशास्त्रात झालं आहे. कॉलेजात उत्क्रांती शिकले ती लाखो वर्षांच्या हिशेबात, जिराफ आणि घोड्यांच्या चित्रांवरून. ती माझ्या बागेत, एका हंगामात, घडाच्या दांड्यावर चालू असते हे मला या काउंटरवर उमगलं. म्हणून थोडं खोलात जाऊन लिहिते.

गावात सगळे म्हणतात की कीड औषधाला सरावते. पण एकही फुलकिडा आपल्या आयुष्यात सरावत नाही. ज्याला औषध लागू पडतं तो मरतो आणि तिथेच संपतो. बागेतल्या लाखो किड्यांत मोजके असे असतात की त्यांच्या अंगातलं एखादं विकर ते विष जरा जास्त वेगाने मोडतं, किंवा विष ज्या जागी चिकटतं ती जागाच किंचित निराळी असते. फवारणीच्या आधी या फरकाला काही किंमत नसते. फवारणी ही चाळणी आहे. खाली पडले ते गेले, वर राहिले त्यांचीच पुढची पिढी. दुसऱ्यांदा तीच चाळणी लावली की वर राहणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. किड्याने काही ठरवलेलं नसतं. बागेतली हवा, म्हणजे त्यात काय फवारलंय ते, आपण बदललेलं असतं आणि त्यात कोण तगतं एवढाच प्रश्न उरतो.

डोस वाढवून का भागत नाही, तेही यातच आलं. कडक डोसात साधे किडे सगळे जातात. जे उरतात ते सगळ्यात चिवट, आणि त्यांना जोडीदारही आपल्यासारखेच मिळतात. शिवाय ढालकिडे मरतात ते वेगळंच. मित्रकिड्यांतले चुकून वाचले तरी त्यांचं खाणं आपण मारलेलं असतं, त्यामुळे त्यांची संख्या सावरायला वेळ लागतो. किडीला तेवढा वेळ लागत नाही.

फुलकिड्यांचा वेग तर विलक्षण आहे. उबदार हवेत दोन-अडीच आठवड्यांत एक पिढी उरकते. छाटणीपासून खुडणीपर्यंत साधारण चार महिने धरले आणि थंडीची सूट दिली, तरी एका हंगामात पाच-सहा पिढ्या होतात. त्यात त्यांच्या नराची एक गंमत आहे, जी मी मालकांना सांगितली आणि ते आता गिऱ्हाइकांना सांगतात. फुलकिड्यांत फलन न झालेल्या अंड्यातून नर जन्मतो. म्हणजे त्याच्याकडे प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते. आपल्यासारख्या दोन प्रती असलेल्या प्राण्यात एखादा गुण दुसऱ्या प्रतीआड पिढ्यान् पिढ्या झाकून राहू शकतो. या नरात झाकायला दुसरी प्रतच नाही. औषध पचवणारं जनुक असलं तर तो जगतो, नसलं तर मरतो, निकाल त्याच फवारणीत. लाल कोळीचंही असंच आहे, आणि जगात सर्वाधिक रसायनांना पुरून उरलेल्या प्राण्यांत लाल कोळीचा नंबर अगदी वरचा आहे.

हे काही आजकालचं नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात सफरचंदाच्या बागांवर सॅन होजे खवले कीड यायची आणि चुना-गंधकाच्या फवारणीने जायची. मग काही भागांत ती जाईना. मेलँडर नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १९१४ मध्ये लेख लिहून थेट प्रश्न केला की कीटक फवारणीला दाद देईनासे होऊ शकतात का? पुढे डीडीटी आलं. त्याचा कीटकनाशक गुण शोधल्याबद्दल पॉल म्युलर यांना १९४८ चं नोबेल मिळालं, पण त्याआधीच युरोपात डीडीटीला न मरणाऱ्या घरमाश्या सापडल्या होत्या. आपल्या कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग १९५३ मध्ये जावा बेटावर डीडीटीला पुरून उरला. त्याच पतंगाने हवाईत अळ्या मारणाऱ्या बीटी जिवाणूच्या फवारणीलाही शेतात दाद दिली नाही, तो अहवाल १९९० चा.

दुकानात गल्ल्याच्या मागे काचेच्या कपाटात एक छोटं, न फोडलेलं पाकीट ठेवलंय. मालेगाव-येवल्याकडच्या कपाशीवाल्यांना ते ओळखीचं असेल. बीटी कपाशीच्या, म्हणजे त्याच जिवाणूचं अळी मारणारं जनुक घातलेल्या कपाशीच्या, साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं यायचं, तेच हे. शेताच्या कडेने लावायचं होतं. उद्देश असा की त्या झाडांवर साध्या बोंडअळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग बीटीतून वाचलेल्या मोजक्या पतंगांशी जुळावेत आणि त्यांची पिल्लं बीटी खाऊन मरावीत. म्हणजे कीड जिंकू नये म्हणून थोडी कीड मुद्दाम पाळायची. कुणालाच ते पटलं नाही. पाकिटं बांधावर पडून राहिली. भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली २००२ मध्ये. २०१० मध्ये गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला जुमानत नसल्याचं जाहीर झालं. दोन जनुकांचं बियाणं २००६ लाच आलं होतं, पण २०१७ च्या हंगामात या अळीने आपल्या राज्यातल्या कपाशीचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. हीच अळी अमेरिकेतल्या कपाशीतून निर्मूलन झाल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं. तिथे बिगर-बीटी पट्टे आधी नेमाने राखले गेले आणि पुढे वंध्य केलेले पतंग मोठ्या प्रमाणात सोडले गेले. अळी तीच होती. ते पाकीट बघून मला दर वेळी हळहळ वाटते.

मालकांची बागेसाठीची शिस्त याच विचारातून आलेली आहे. एका पिढीवर एक गट, पुढच्या पिढीवर दुसरा. तारीख आली म्हणून मारायचं नाही. पांढऱ्या कागदावर घड झटकायचा, किडे मोजायचे, निळे चिकट सापळे बघायचे आणि मग ठरवायचं. "आज नका घेऊ, चार दिवसांनी मोजून या," असं म्हणून त्यांनी मला रिकाम्या हाताने परत पाठवलंय, आणि ते बरोबर ठरलं. औषध विकणाऱ्याने असं म्हणायला पोटात धैर्य लागतं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. बिल पक्कं, बॅच नंबर आणि मुदतीसह, शेजारी पेनाने गटाचा आकडा लिहून. माझ्या फवारणीच्या वहीत तो तसाच उतरतो. खुडणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची ते न विचारता सांगतात. किडीवर फवारायच्या जैविक बुरशीची पाकिटं थंड कपाटात ठेवलेली असतात, उन्हात गोणीवर टाकलेली नसतात. भाव इतरांएवढेच, एखाद्या औषधाला थोडे चढेही.

उणिवाही आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सकाळी उभं राहायला जागा नसते, आणि प्रत्येकाला मागची फवारणी विचारायची म्हटल्यावर रांग हलत नाही. मालक बाहेर असले तर काउंटरवरचा मुलगा जे मागाल ते देतो. त्याला फळ्यांचे आकडे पाठ आहेत, पण कारण समजावता येत नाही. दुकानाची सगळी किंमत एका माणसाच्या डोक्यात आहे, हे मला धोक्याचं वाटतं. त्या मुलाला नीट शिकवावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. मिलीबग खाणारे क्रिप्टोलेमस ढालकिडे मागवून देतात, पण नेमकी गरज असते तेव्हा महिनाभर थांबावं लागतं. उधारी नाही. ज्यांचा सगळा हिशेब मालाचे पैसे आल्यावर चुकतो, त्यांना हे जड जातं. गटांचा तक्ता भिंतीवर लावलाय तो इंग्रजीत आणि फार उंचावर. तो मराठीत करून काउंटरच्या उंचीवर आणावा.

आणखी एक अडचण दुकानाच्या हातातली नाही. फुलकिडे बांध ओळखत नाहीत. मी गट बदलत राहिले आणि शेजारी एकच औषध मारत राहिले, तर त्यांच्याकडचे चिवट किडे वाऱ्याबरोबर माझ्याकडे येतात. एका शिवारातल्या सगळ्यांनी एका वेळी एकच गट वापरून तो एकत्रच बदलावा, यासाठी मालकांनी आमच्या भागातल्या बागायतदारांना हंगामाआधी दुकानात बसवायचं कबूल केलंय. खरड छाटणीची कामं आटोपली की ही बैठक घ्यायची आहे. दिंडोरी, मोहाडी, जानोरी भागातलं कुणी येणार असेल तर दुकानात नाव सांगून ठेवा आणि मागच्या हंगामाची फवारणीची वही बरोबर आणा.