दुबई की ब्रिटन? ठाण्यातून निघणाऱ्या स्पीच थेरपिस्टसाठी

इंटर्नशिप संपत आली की दरवर्षी दोघी-तिघी तरी आमच्या नौपाड्याच्या घरी येतात. बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग या वाचा-श्रवणाचं शिक्षण देणाऱ्या संस्थेतून निघायचं, दादरला गाडी बदलायची आणि ठाण्याला उतरेपर्यंत परदेशाचेच बेत करायचे, हे मीही केलंय. "ताई, दुबई की यूके?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मी दुबईत अडीच वर्षं आणि ब्रिटनमध्ये चार वर्षं काम केलं, मग बाबांच्या आजारपणात परत आले. अमेरिका इथे मुद्दाम घेत नाही. तिथे मास्टर्सशिवाय दार उघडत नाही, तो हिशेब निराळा.

कागदपत्रांची यादी तुम्हाला पाठ असेल : दुबईला डेटाफ्लो (कागदपत्रांची पडताळणी), प्रोमेट्रिक (संगणकावरची परीक्षा) आणि डीएचएचं, म्हणजे तिथल्या आरोग्य खात्याचं लायसन्स, ब्रिटनला एचसीपीसी या नियामक मंडळाचं रजिस्ट्रेशन. एकाच गोष्टीवर बोलते, आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा. एचसीपीसी फिजिओथेरपिस्टला ७ वर घेते, पण आपल्याकडे, म्हणजे स्पीच थेरपिस्टकडे, मागते ८, आणि एकाही भागात ७.५ च्या खाली चालत नाही. मला तेव्हा हा अन्याय वाटला होता. तिथल्या पहिल्याच महिन्यात एका मुलीला चित्रं दाखवून मी 'पिन' म्हटलं आणि तिने 'बिन'वर बोट ठेवलं. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा 'प' श्वास सोडून म्हणतात, आपला 'प' कोरडा असतो. तिचं ऐकणं बरोबर होतं, माझा उच्चार तिच्या भाषेतला नव्हता. दुसरा एक मुलगा 'थ्री'ला 'फ्री' म्हणायचा. मी त्याच्यासाठी ध्येय लिहायला घेतलं, तेव्हा शेजारच्या सहकारी बाईंनी थांबवलं. लंडनच्या आसपास कितीतरी मोठी माणसंही तसंच बोलतात. ती बोली आहे, दोष नाही. त्यानंतर ८ चा राग गेला.

भाषेच्या बाबतीत दुबई फार सुखाची. एका मराठी घरातल्या चार वर्षांच्या मुलाच्या आईला कोणीतरी सांगितलं होतं, घरात फक्त इंग्रजी बोला. मी तिला म्हटलं, तुम्ही मराठीतच बोला, चिऊ-काऊची गोष्ट सांगा. आणि आम्ही तिघं मराठीतच कामाला लागलो. ब्रिटनमध्ये पोलिश किंवा रोमानियन घर असलं की दुभाषा बोलवावा लागे आणि आईचा अर्धा जीव त्या दुभाष्यातच अडके. शिवाय दुबई विमानाने तीन तासांवर, पगारावर आयकर नाही. आईला फोन करताना तिकडे रात्र तर नसेल ना, हा विचार करावा लागत नाही.

तरी मी दुबई सोडली, ती एका गोष्टीमुळे.

मी होते त्या क्लिनिकमध्ये सेशनची पॅकेजेस विकली जात. मूल मी तपासायच्या आधीच आठवड्यातून किती वेळा यायचं, हे फ्रंट डेस्कवर ठरलेलं असे. साडेचार वर्षांचा एक मुलगा आला. बाकी सगळं छान, फक्त इंग्रजी 'र' नीट येत नव्हता. तो आवाज उशिरा येतो. मी लिहिलं, सहा महिने थांबा, मग पुन्हा बघू. रिपोर्ट वरून परत आला, सोबत निरोप : शेवटचा परिच्छेद बदला, २४ सेशन लिहा. दुसऱ्या एका मुलीची सगळी ध्येयं पूर्ण झाली होती, पण पॅकेजमधले ११ सेशन उरले होते. तिची आई शारजाहून त्या ट्रॅफिकमधून गाडी हाकत यायची, आणि मी त्या मुलीबरोबर नुसता वेळ काढत बसायचे. "आता थेरपीची गरज नाही" हे वाक्य आपल्या पेशातलं सगळ्यात आनंदाचं. ते मला म्हणता येत नव्हतं. सगळी क्लिनिक्स अशी नसतील. तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हा अनुभव कधीच आला नाही.

ब्रिटनमध्ये याच्या नेमकं उलट दुखणं. वेटिंग लिस्ट महिनोन्महिने लांब. नंबर लागला की सहा सेशनचा एक टप्पा, मग शाळेतल्या मदतनीस बाईंच्या हातात कार्यक्रम द्यायचा आणि पुढच्या मुलाकडे वळायचं. काही मुलांना सोडताना माझा पाय निघत नसे. मुलांच्या वाट्याला थेरपी कमी येते, हे मी नाकारणार नाही. पण मूल पुन्हा रेफर होऊ शकतं, आणि माझ्या रिपोर्टमधलं वाक्य कोणी बदलायला सांगितलं नाही. महिन्यातून एकदा सीनियरबरोबर सुपरव्हिजन असे. अडलेली केस तिथे मोकळेपणाने मांडता यायची. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने ईएचसी प्लॅन आला, म्हणजे खास मदत लागणाऱ्या मुलाच्या शिक्षण, आरोग्य आणि देखभालीचा कायदेशीर आराखडा. त्यात मुलाच्या शिक्षणाची गरज म्हणून थेरपी नोंदली गेली की ती पुरवणं स्थानिक कौन्सिलवर बंधनकारक होतं, आणि पालक ट्रिब्युनलपर्यंत जाऊ शकतात. एका मुलासाठी मी आठवड्याला एक सेशन असं स्पष्ट लिहिलं. ते प्लॅनमध्ये आलं आणि त्याला ते मिळालं. त्या दिवशी मी घरी चालत गेले, बस घेतली नाही.

एक तयारी मात्र ठेवा. आपली पदवी वाचा आणि श्रवण दोन्हींची, पण ब्रिटनमध्ये ऑडिओलॉजी, म्हणजे श्रवणाचं काम, हा वेगळा पेशा आहे, म्हणजे आपली अर्धी पदवी बाजूला राहते. आणि मोठ्यांच्या वॉर्डात गिळण्याच्या तक्रारींचं काम भरपूर. इंटर्नशिपमध्ये त्या पोस्टिंगला दांडी मारू नका.

घोडबंदरच्या फ्लॅटचा हप्ता डोक्यावर असेल, आईवडील एकटे असतील, दोन-तीन वर्षांचाच बेत असेल, तर दुबईला जा, मी अडवणार नाही. पण मुलाखतीत पगाराच्या आधी एक विचारा : थेरपी कधी थांबवायची, हे तुमच्याकडे कोण ठरवतं? थेरपिस्ट ठरवते, असं उत्तर लगेच आलं तर पुढे बोला. समोरचा माणूस पॅकेजबद्दल सांगू लागला, तर घरी या, आपण आयईएलटीएसची तयारी सुरू करू.