गॅलापागोस: बोटीवर की बेटावर?

इक्वाडोरच्या गॅलापागोस बेटांवर जायचा बेत करणाऱ्या पुतणीचा प्रश्न: ‘काका, आठ दिवस बोटीवर काढू की तिथल्या सांताक्रुझ बेटावर हॉटेल घेऊ?’

नॅशनल पार्कची 200 डॉलर फी दोन्हीकडे सारखीच. बाकी खर्चात हॉटेलच स्वस्त. बोटीचं भाडं ऐकून डोळे पांढरे होतात. पण न उडणारे पाणकावळे पार पश्चिमेला, फर्नांडिना-इसाबेला बेटांच्या किनाऱ्यावर. 16 जणांची बोट रात्रीतून तिकडे नेते. सांताक्रुझहून एका दिवसात ते जमत नाही.

बेटावरची गंमत वेगळी. सांताक्रुझवरच्या पुएर्तो आयोरा गावाच्या मासळीबाजारात मासे कापणाऱ्या बाईला खेटून सी लायन आशाळभूतपणे उभा असतो, अगदी आपल्याकडच्या मांजरासारखा!

त्रास? बोट रात्री डुलते. हॉटेलात राहून इसाबेलाला जायचं, तर स्पीडबोट दोन तास लाटांवर आदळते.

पोरं लहान असतील, तर हॉटेल. पक्ष्यांसाठीच जात असशील, तर वर्षभर थांब, पैसे साठव, बोटच घे.