मस्कार्पोनेचा महागडा डबा की डेअरीवरचं क्रीम? गावात तिरामिसू करणाऱ्यांसाठी

तिरामिसू, म्हणजे कॉफीत बुडवलेली बिस्किटं आणि क्रीम यांचे थर लावलेला इटालियन गोड पदार्थ, घरी करायचा म्हटलं की खेड्यात पहिली अडचण येते मस्कार्पोनेची, म्हणजे त्यातल्या मऊ क्रीम चीजची. अंडी, साखर, मैदा कोपऱ्यावरच्या किराण्यात मिळतात, कोको तालुक्याला मिळतो. मस्कार्पोनेचा डबा मात्र नागपूर किंवा अमरावतीच्या मोठ्या दुकानातल्या फ्रीजमध्येच. भारतात बनलेलं मस्कार्पोने साधारण दोनशे ग्रॅमच्या डब्यात येतं आणि पनीरच्या तिप्पट तरी भाव पडतो. आठ जणांच्या तिरामिसूला असे दोन डबे लागतात.

डबा चांगला असतो, यात वाद नाही. चव गोडसर, आंबटपणा जवळजवळ नाही, पोत घट्ट सायीसारखा आणि एकसारखा. खरी परीक्षा होते ती वाटेत. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना डबा तीन तास एसटीत राहिला, तर आतलं स्निग्ध वितळतं. घरी येऊन फ्रीजमध्ये ठेवल्यावर ते पुन्हा घट्ट होतं खरं, पण कणीदार होऊन, आणि वर पाणी सुटलेलं दिसतं. पाणी ओतून टाकलं तरी तो मऊपणा परत येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत डबा निर्धास्त आणा. उन्हाळ्यात थर्माकोलच्या डब्यात, दोन बाजूंना गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या लावूनच. उघडलेला डबा तीन दिवसांत संपवावा.

पण ज्या गावात दूध संकलन केंद्र आहे आणि शेजारच्या डेअरीवर दुधातून क्रीम वेगळं काढणारा सेपरेटर फिरतो, तिथे हा डबा आणायचाच कशाला? मस्कार्पोने हे मूळचं उत्तर इटलीतल्या लोम्बार्दीचं, आणि त्यात क्रीम, उष्णता आणि थोडं आम्ल यापलीकडे काही नाही. विरजण नाही, चीजसाठी दूध गोठवणारं रेनेट नाही. नागपुरी म्हशीच्या दुधाला सात-आठ फॅट सहज लागते, त्यामुळे इथलं क्रीम या कामाला अगदी योग्य. गाईच्या क्रीमपेक्षा ते पांढरं दिसतं, तेवढाच फरक.

कृती अशी. ताजं, त्याच दिवशीचं क्रीम अर्धा लिटर घ्या. फॅट ३५ ते ४० टक्के हवी. डेअरीवाल्याला विचारलं तर तो आकडा सांगतो. सेपरेटरचं क्रीम बहुधा याहून दाट येतं, मग चारशे मिली क्रीममध्ये शंभर मिली निरसं दूध मिसळा. आधी चमचाभर क्रीम वेगळं उकळून पाहा. ते फाटलं तर क्रीम आंबलेलं आहे, त्याचं तूप करा आणि विषय संपवा. चांगलं असेल तर पातेल्यातल्या उकळत्या पाण्यावर दुसरं भांडं ठेवून ८५ अंशांपर्यंत तापवा. थर्मामीटर नसेल तर कडेला बारीक बुडबुडे आणि भरपूर वाफ, पण उकळी नाही, ही खूण. मग गाळलेला लिंबाचा रस एक मोठा चमचा, म्हणजे पंधरा मिली, थोडा थोडा घाला आणि पाच मिनिटं त्याच तापमानावर हलवत राहा.

इथे बरेच जण घाबरतात, कारण पनीरसारखं फाटत नाही. फाटायचं नसतंच. मिश्रण पातळ बासुंदीइतकं दाटतं आणि डावाच्या पाठीवर चिकटून राहतं, एवढंच. दाटलं नाही म्हणून आणखी लिंबू पिळलं की चव बिघडते. थंड झाल्यावर चाळणीत चौपदरी सुती कापड घालून त्यात ओता, खाली वाटी ठेवा आणि झाकून बारा तास फ्रीजमध्ये ठेवा. पाणी फार थोडं निथळतं. घट्टपणा मुख्यतः थंडाव्यानं येतो. हाती साडेतीनशे ते चारशे ग्रॅम लागतं.

दोन प्रकारचं क्रीम मात्र चालत नाही. दुकानातल्या खोक्यातलं पंचवीस टक्के फॅटचं फ्रेश क्रीम दाटतच नाही, रात्रभर टांगलं तरी श्रीखंडाच्या चक्क्याइतकंही होत नाही. आणि आठवडाभर डब्यात साठवलेली साय तर मुळीच नको. ती आंबलेली असते, गाठी धरते, तापवली की लोण्याच्या वाटेला लागते.

पाचपैकी गुण द्यायचे तर डब्याला तीन आणि डेअरीच्या क्रीमच्या घरगुती मस्कार्पोनेला साडेचार. अर्धा गुण कापला तो लिंबाची किंचित चव मागे राहते म्हणून.

वाचलेले पैसे बिस्किटांवर घालवा. सावोयार्दी, म्हणजे आपल्याकडे लेडीफिंगर म्हणून मिळणारी लांबट कोरडी बिस्किटं, दोनशे ग्रॅमच्या पाकिटात चोवीसच्या आसपास निघतात. आठ इंची चौकोनी डब्यात दोन थर होतात. ती वाटेत उन्हानं बिघडत नाहीत, फक्त मोडतात. ऑनलाइन मागवली तरी चालतात. बेकरीचा टोस्ट हा सगळ्यांना सुचणारा पर्याय, पण त्यात वेलची नाहीतर बडीशेप असते आणि ती कॉफीवर बसते. साधा टोस्ट मिळालाच तर तो चार-पाच सेकंद बुडवावा लागतो आणि तरी चावताना टोस्टच लागतो. ओव्हन असेल तर घरी करा: तीन अंडी, ७५ ग्रॅम साखर, ७५ ग्रॅम मैदा. पांढरं आणि पिवळं अर्धी अर्धी साखर घालून वेगवेगळं फेटा, हलक्या हातानं एकत्र करून मैदा मिसळा, बोटाएवढ्या पट्ट्या पाडा आणि १८० अंशांवर बारा-चौदा मिनिटं भाजा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ती नुसती ताटात ठेवली तरी कडक होतात. पावसाळ्यात शंभर अंशांवर पुन्हा वीस मिनिटं वाळवावी लागतात.

कॉफीसाठी विदर्भाला बाहेर बघायची गरज नाही. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती मेळघाटात, चिखलदऱ्याला. तिथे गेलात तर पूड घेऊन या. साठ ग्रॅम पूड, चारशे मिली उकळतं पाणी, चार मिनिटं झाकून कापडातून गाळा. तीनशे मिलीच्या जवळपास उतरते. इन्स्टंट वापरायची तर पाकिटाची मागची बाजू वाचा. चिकोरी मिसळलेली असेल तर रंग छान येतो, चव मात्र पाकासारखी जड. कॉफीत साखर नको, आणि ती पूर्ण थंड हवी. कोमट कॉफीत बिस्किट बुडताक्षणी गळतं.

आता अंडी. इटलीतल्या ट्रेविसो शहराच्या ‘ले बेक्केरीए’ या रेस्तराँनं तिरामिसू प्रसिद्ध केला, शेजारचा फ्रिउली प्रांतही त्यावर हक्क सांगतो. इटालियन पाककला अकादमीकडे नोंदवलेल्या ट्रेविसोच्या कृतीत १२ पिवळे बलक, अर्धा किलो साखर, १ किलो मस्कार्पोने, ६० सावोयार्दी, कॉफी आणि कोको एवढंच आहे. पांढरं नाही, व्हिप्ड क्रीम नाही, दारूही नाही. तेव्हा रम कुठून आणू, ही चिंता सोडा. (मोहाची घालून पाहायचा मोह आवरा. कॉफी हरते.) अंडं न खाणाऱ्या पाहुण्यांना हेही आधीच सांगावं की क्रीममधून बलक वगळले तरी बिस्किटात अंडं असतंच.

आपल्या चारशे ग्रॅम मस्कार्पोनेला चार बलक आणि शंभर ग्रॅम साखर पुरे. मूळ प्रमाणातली साखर आपल्या पुरणपोळीच्या जिभेलाही जास्त वाटते. कच्चे बलक या उन्हाळ्यात वापरूच नयेत. उकळत्या पाण्यावर, पण भांड्याचं बूड पाण्याला न लावता, बलक आणि साखर सहा-आठ मिनिटं सतत फेटत ७२ अंशांपर्यंत न्या. खाली उतरवून गार होईपर्यंत फेटत राहा, रंग फिकट होतो आणि पळीतून पट्टी पडते. हात थांबला की कडेला भुर्जी होते, आणि ती गाळूनही वास जात नाही.

मस्कार्पोने वीस मिनिटं आधी बाहेर काढा, मे महिन्यात दहा. ते आधी एकटं चमच्यानं सैल करा, मग बलकाचं मिश्रण तीन वेळा करून मिसळा. थेट फ्रीजमधलं घातलं की गुठळ्या होतात. सगळ्यात मोठी चूक म्हणजे इलेक्ट्रिक बीटर: मिनिटभर जास्त चालला की लोणी सुटतं. नुकतं दाणेदार दिसू लागलं असेल तर दोन चमचे पातळ क्रीम हातानं मिसळून सावरतं. पाणी वेगळं झालं की उपाय नाही.

बिस्किट एका बाजूनं एक सेकंद, दुसऱ्या बाजूनं एक. मोडून पाहिलं तर मध्ये कोरडी रेघ दिसायला हवी. ती रात्रभरात आपोआप मुरते. थर बिस्किट, क्रीम, बिस्किट, क्रीम असे.

फ्रीजमध्ये किमान सहा तास, रात्रभर उत्तम. वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रीज चारेक तास थंडावा धरतो, आणि डब्याच्या दोन्ही अंगांना गोठवलेल्या बाटल्या आधीच लावल्या असतील तर चिंता आणखी कमी. झाकण घट्ट हवं, नाहीतर शेजारच्या ठेच्याचा आणि सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) जुडीचा वास क्रीम ओढून घेतं. चाळीसच्या वर तापमानात तासभर बाहेर राहिलेला तिरामिसू टाकून द्यावा. कोको वाढायच्या पाच मिनिटं आधी वरून चाळा, आधी भुरभुरला तर ओला होऊन काळे डाग पडतात. आणि तो बिनसाखरेचाच हवा, ड्रिंकिंग चॉकलेट नव्हे. स्टीलच्या डब्यातून चौकोनी तुकडे अखंड निघत नाहीत. मोठ्या चमच्यानं तळापर्यंत खोल घेऊन वाढा.