बँडकॅम्प: पैसे मोजून घेतलेली फाइल

फुकट उतरवलेल्या गाण्याची अडचण फक्त कायद्याची नाही. नावात ‘३२०’ (बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती किलोबिट डेटा) असलेली एमपी३ स्पेक या, आवाजातल्या कंपनसंख्यांचं चित्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. १६ किलोहर्ट्झच्या वर सरळ रेघेत काळं दिसलं, तर ती बहुधा १२८ची फाइल फुगवलेली असते. झांजांची चकाकी तिथेच कापली जाते आणि बिटरेट वाढवून परत येत नाही.

२००८ साली सुरू झालेल्या बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या वेबसाइटवर विकत घेतलेली फाइल कुलूपबंद नसते. हवी तिथे वाजवा. डिजिटल विक्रीतून कंपनी साधारण १५ टक्के घेते, पेमेंटचं शुल्क वेगळं. उरलेलं कलाकाराला किंवा लेबलला. फुकट उतरवल्याने कलाकाराच्या पोटावर पाय येतो असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी इथूनच घ्यावं.

डाउनलोड करताना फॉरमॅट नीट निवडा. चार मिनिटांचं गाणं ३२०च्या एमपी३त साडेनऊ एमबी, आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या फ्लॅकमध्ये २५-३० एमबीच्या घरात. आयफोनच्या म्युझिक अ‍ॅपमध्ये फ्लॅक जात नाही, तिथे अ‍ॅपलचा तसाच फॉरमॅट एएलएसी घ्या. अल्बम झिपमध्ये येतो, म्हणून कॉम्प्युटरवरच उतरवा आणि एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा. पैसे अडकले तर आधी कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू आहेत का, ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये तपासा.

उणीव मोठी आहे: जुनी मराठी चित्रगीतं इथे शोधू नका. स्वतंत्र कलाकारांसाठी मात्र याहून चांगलं दुकान नाही.