‘हेड गेलंय’ म्हणणाऱ्याच्या काउंटरवर हार्ड ड्राइव्ह ठेवण्याआधी

जालना जिल्ह्यातल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरची २ टीबीची पोर्टेबल ड्राइव्ह लॅपटॉपला लावली की बारीक टीं-टीं करायची आणि गप्प बसायची. दुकानदाराने ती कानाला लावली न लावली तोच निदान आलं, "भाऊ, हेड गेलंय. पुण्याच्या लॅबला पाठवावं लागंल. बारा हजार लागतील. डेटा नाही निघाला तर एक रुपया देऊ नका." हेड म्हणजे आतल्या फिरत्या चकतीवरचा, म्हणजे प्लेटवरचा, डेटा वाचणारा भाग. मग ‘लॅब तपासणी’चे चार हजार आधीच घेतले आणि पावती दिली कच्च्या कागदावर. महिनाभर तारखा देऊन ड्राइव्ह परत केली. का, तर म्हणे प्लेटवर ओरखडे आहेत. चार हजारांचं विचारलं तर "ते लॅबने घेतले".

लॅबचं नाव सांगता आलं नाही, कुरिअरची पावतीही दाखवता आली नाही. ड्राइव्ह बाहेर गेली असो वा नसो, ती उघडली होती हे मात्र उघड दिसत होतं. लेबलखाली झाकणाचा एक लपलेला स्क्रू असतो, तिथे कागद आत खचला होता. कडेच्या टॉर्क्स (चांदणीच्या खाचेच्या) स्क्रूंची तोंडं घासलेली होती आणि आतल्या आरशासारख्या प्लेटवर बोटाचा ठसा स्वच्छ उमटला होता. हेड त्या प्लेटपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. ठसा किंवा धुळीचा एक कण त्याला आडवा यायला पुरे. म्हणून हे काम क्लीन रूममध्ये, म्हणजे धूळ गाळलेल्या खोलीत करतात, पंख्याखालच्या टेबलावर नाही.

चीड येते ती पुढच्या गोष्टीची. त्याच फोटोग्राफरची केबल एका धडधाकट ड्राइव्हला लावली, तर तीही तशीच टीं-टीं करू लागली. म्हणजे मूळ दुखणं बहुधा त्या केबलचंच. आता ते सिद्ध करता येत नाही, कारण झाकण उघडून बसलेत.

टीं-टीं आवाजाची बहुतेकदा दोन कारणं असतात. एकतर हेड प्लेटला चिकटलंय, नाहीतर मोटरला पुरता करंट मिळत नाही. २.५ इंची ड्राइव्ह ५ व्होल्टवर चालते, पण फिरायला लागताना क्षणभर एक अँपिअरच्या आसपास करंट ओढते. यूएसबी २ चं पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. त्यात केबल लांब, बारीक किंवा पिचलेली असली की व्होल्टेज खाली येतं आणि मोटर उचलतच नाही. म्हणून आधी दुसरी, अर्ध्या मीटरच्या आतली केबल घ्या. हब आणि एक्स्टेंशन काढा, डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला थेट लावा. ड्राइव्हच्या बाजूची ती रुंद चपटी पिन हलली तरी लाइट जातो का, तेही बघा. ३.५ इंचीला १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागतो. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर पिन बसते म्हणून खुपसला, तर ड्राइव्हच्या सर्किट बोर्डावरचा संरक्षक डायोड शॉर्ट होतो आणि ड्राइव्ह मुकी होते. तो डायोड काढला की पुष्कळदा ती चालू होते. काम काही मिनिटांचं, पण बिलात लागतं ‘बोर्ड बदलला’. खरोखर बोर्ड बदलायचा, तर जुन्या बोर्डावरची आठ पायांची रॉम चिप नव्यावर चढवावी लागते. तिच्यात त्याच ड्राइव्हची मोजमापं असतात. चिपचं नाव न काढता ‘सेम मॉडेलचा बोर्ड टाकतो’ म्हणणाऱ्याला ड्राइव्ह देऊ नका.

ड्राइव्ह फिरते पण दिसत नाही, असं असेल तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहा. आकार बरोबर आहे आणि नुसतं ड्राइव्हचं अक्षर (डी, ई असं) नाही, तर उजवं बटण दाबून अक्षर द्या. याचेही हजारो रुपये घेणारे आहेत. ‘रॉ’ दिसलं, किंवा फॉरमॅट अथवा इनिशियलाइझ करू का असं विचारलं, तर कॅन्सल करा. विंडोजची चुका दुरुस्त करणारी चेकडिस्कही नको, आजारी ड्राइव्हवर ती उरलेसुरले फोल्डरही विस्कटते. ड्राइव्हची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) वाढलेले दिसले, तर नक्कल काढणाऱ्या डीडीरेस्क्यू प्रोग्रामने आधी पूर्ण नक्कल काढा आणि रिकव्हरी त्या नकलेवर चालवा. टक-टक आवाज मात्र हेडचाच धरून चाला. लगेच काढून ठेवा, पुन्हा लावून बघू नका. फ्रीजमध्ये तर मुळीच नको, आत दव धरतं.

‘डबा काढून थेट साटाला लावतो’, म्हणजे बाहेरचं कव्हर काढून ड्राइव्ह कॉम्प्युटरच्या आतल्या जोडणीला लावायची, हा उपाय सीगेटच्या बऱ्याच ड्राइव्हना चालतो. डब्ल्यूडीच्या माय पासपोर्टमध्ये बहुतेकदा यूएसबी पोर्ट ड्राइव्हच्या बोर्डावरच असतो आणि डेटा बोर्डाकडूनच एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होतो. तिथे डबा फोडून हाती काही लागत नाही, आणि जाणकार दुकानदार हे आपणहून सांगतो.

एवढं करूनही दुकानाची पायरी चढायची वेळ आली, तर सीरियल नंबर आणि स्क्रूंचे जवळून फोटो काढा. पावतीवर सीरियल नंबर, कमाल खर्च, ‘लेखी परवानगीशिवाय झाकण उघडणार नाही’ आणि लॅबचं नाव लिहून घ्या. संभाजीनगर असो की नांदेड, ‘पुण्याला पाठवतो’ किंवा ‘हैदराबादला पाठवतो’ म्हणणाऱ्याकडून कुरिअरची पावती मागा. ती द्यायला कां-कूं करत असेल तर ड्राइव्ह तिथेच उचला आणि लॅबला स्वतः पाठवा. डेटा निघाला म्हणाले, तर आधी फायलींची यादी बघा आणि दोन-तीन मोठे व्हिडिओ मधूनच चालवून पाहा. पैसे त्यानंतर.

पैसे अडकलेच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे निभावलं नाही, तर आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. कच्ची पावती, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं आणि यूपीआयची नोंद जपून ठेवा. इंटरनेटवरच्या ‘कंपनी सपोर्ट’ नंबरने स्क्रीन ताब्यात घेऊन पैसे काढले असतील, तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा.