एकाच देशाचे दोन झेंडे
पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रिया देशाच्या लोकांच्या परदेशातल्या मेळाव्यात कोण कोणत्या बाजूचा, हे हातातल्या झेंड्यावरून कळतं.

हिरवा-लाल-निळा झेंडा सरकारी. तो मिरवणारे बरेचसे १९९१ आधी, इथिओपियाविरुद्धच्या तीस वर्षांच्या लढ्यात देशाबाहेर पडलेले. त्यांना १९९३ चं सार्वमत आठवतं, ९९ टक्क्यांहून जास्त कौल स्वातंत्र्याला. त्यांना नुसतं सरकारधार्जिणं म्हणणं मला पटत नाही. अनेकांच्या घरचं कुणीतरी त्या लढ्यात गेलंय.

आकाशी निळ्यावर हिरव्या ऑलिव्हच्या फांद्या, हा १९५२ चा झेंडा विरोधकांचा. यातले पुष्कळजण स्वतंत्र देशातूनच पळालेले. कायद्यात १८ महिन्यांची असलेली सक्तीची लष्करी आणि सरकारी सेवा संपतच नाही. १९९७ ची राज्यघटना मंजूर होऊनही कागदावरच. २००१ साली पकडलेले पत्रकार दावित इसाक यांच्यावर खटलाच चाललेला नाही. गंमत अशी, की हा झेंडा इथिओपियाशी जोडलेल्या संघराज्याच्या काळातला! पण तेव्हा निवडून आलेली विधानसभा होती, पक्ष होते. म्हणून माझा कल निळ्याकडे.

वकिलातीतून एखादा दाखला हवा असेल, तर उत्पन्नावरचा दोन टक्के कर मात्र दोघांनाही चुकत नाही.